विळ्याचे घड्याळ

सिकलसेलची पहिली तपासणी अगदी साध्या सामानावर होते. काचेची छोटी नळी, तिच्यात पाण्यासारखे दिसणारे द्रावण, बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब आणि नळीमागे धरायला काळ्या रेघा ओढलेला कागद. सिरोंचा तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र असो की आश्रमशाळेतले शिबिर, रीत तीच. थेंब मिसळायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळीतून कागदाकडे पाहायचे. रेघा स्वच्छ दिसल्या तर प्रश्न मिटला. नळी गढूळ झाली, रेघा हरवल्या, की नमुना पुढच्या तपासणीला जातो आणि अहवालात ‘एएस पॅटर्न’ किंवा ‘एसएस पॅटर्न’ असे लिहून येते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. चंद्रपूर-गडचिरोलीत ही अक्षरे फारशी समजावून सांगावी लागत नाहीत.

नळीत घडते ते असे. द्रावण आधी रक्तपेशी फोडते, मग आतल्या हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन हिरावून घेते. साध्या हिमोग्लोबिनला त्याचे काही वाटत नाही. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू मात्र ऑक्सिजन गेला रे गेला की एकमेकांना धरतात आणि विरघळेनासे होतात. शरीरात हेच तांबड्या पेशीच्या पोटात होते. रेणूला रेणू लागून लांब, ताठ धागे तयार होतात आणि ते धागे गोल पेशीला आतून ताणून तिचा विळा करतात. रसायनशास्त्राच्या भाषेत हा धागा पॉलिमर, म्हणजे बहुवारिक. नायलॉनची दोरी ज्या गोत्रातली, त्याच गोत्रातला. दोरीतले दुवे कायमचे असतात, याचे कच्चे. पेशी फुप्फुसात पोचून तिला पुन्हा ऑक्सिजन मिळाला की धागा उसवतो.

म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा. पेशी बारीक केशवाहिनीतून पार व्हायला साधारण एक सेकंद लागतो. धागा त्याआधी विणून झाला तर पेशी आत अडकते, वाट बंद होते आणि हाडांतून कळा सुरू होतात. धाग्याला उशीर झाला तर पेशी निसटते. हे घड्याळ नेमके कसे चालते ते समजायला माणसाला जवळपास शंभर वर्षे लागली, आणि त्यातली शेवटची पन्नास संगणकाच्या पडद्यावर गेली.

सुरुवात शिकागोत झाली. १९०४ मध्ये ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की ऑक्सिजन काढला की पेशी वाकते आणि परत दिला की सरळ होते. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की नवजात बाळाच्या रक्तात विळे फारसे होत नाहीत. गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेते. ही नोंद पुढे फार उपयोगाची ठरणार होती.

मग आले लायनस पॉलिंग. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की विळे होतात हे विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून त्यांनी १९४५ मध्ये ऐकले, आणि रक्तवैद्यकाशी संबंध नसलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने ताडले की खोट पेशीत नसणार, हिमोग्लोबिनमध्येच असणार. ती शोधण्याचे काम त्यांनी हार्वी इटानो या तरुण डॉक्टरवर सोपवले. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन. महायुद्धात अमेरिकेच्याच सरकारने त्यांना छावणीत डांबले होते. १९४९ मध्ये इटानो, सिंगर, वेल्स आणि पॉलिंग यांनी विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात हे दाखवले. ‘रेणूचा आजार’ हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. १९५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी खोटेचा पत्ताही सांगितला. हिमोग्लोबिनच्या ५७४ अमिनो आम्लांत बीटा साखळ्या दोन, आणि त्या दोघींच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले. एवढेच. व्हॅलिनला पाण्याचे वावडे. शेजारच्या रेणूवर एक खळगा असतो, ऑक्सिजन गेला की तो उघडा पडतो आणि व्हॅलिन त्यात जाऊन बसते.

भारतात हा आजार आहे हे १९५२ मध्ये कळले. निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना सिकलचे वाहक सापडले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत डनलॉप आणि मजुमदार यांना रुग्ण सापडले. विदर्भाची पाळी १९५८ ची. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली आणि परांडे यांना सोबत घेऊन ‘ब्लड’ या नियतकालिकात रुग्णांवर लिहिले. सिरोंचा तेव्हा चांदा जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात. हे गाव राज्ये बदलण्यात मुरलेले आहे. १८६० पर्यंत निजामाकडे, मग इंग्रजांकडे. काही वर्षे तर अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे ते मुख्यालयच होते. पुढे मध्य प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र. गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पहिल्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलवर होता. आजार खूप पसरलेला निघाला. पण लोकांनी त्यात रस दाखवला नाही, त्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. लोकांना हवे ते संशोधन करायचे हा धडा त्यातून मिळाला, असे डॉ. बंग यांनी पुढे सांगितले आहे. लोकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आजाराचे नाव कळून घरात काय फरक पडणार होता? त्या काळी डॉक्टरांच्या हाती वेदनाशामक गोळी, सलाईन आणि रक्ताची बाटली यापलीकडे द्यायला फारसे काही नव्हते.

औषध सुचायला धागा समजायला हवा होता, आणि धाग्याला हात लागत नव्हता. तो जेमतेम २१ नॅनोमीटर जाड, केसाच्या काही हजाराव्या भागाइतका. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून १९७० च्या दशकाअखेर त्याची वीण कळली: चौदा पदर, दोन-दोनांच्या सात जोड्या, सुंभासारखा पीळ. पण चित्र थांबलेले असते. वीण पडते कशी ते चित्रात दिसत नाही.

इथे संगणकाने काय केले ते समजायला तलाठ्याचे दप्तर डोळ्यांसमोर आणावे. जिल्ह्याच्या नकाशावर प्राणहिता आणि गोदावरी या दोन रेषा, सिरोंचा एक ठिपका. गावनकाशावर शिवार, पांदण, ओढा. सातबाऱ्यावर गट क्रमांक, विहीर, धानाचे क्षेत्र. बांधाचा वाद जिल्ह्याच्या नकाशाने मिटत नाही, आणि गोदावरीचा पूर कुठवर चढेल हे सातबाऱ्यांचा गठ्ठा चाळून कळत नाही. ज्या कामाला जो नकाशा. कसब एकच, एका नकाशातली नेमकी कुठली गोष्ट दुसऱ्यावर उतरवायची हे कळण्याचे. रेणूंच्या सिम्युलेशनचा इतिहास म्हणजे हे कसब हळूहळू अंगी बाणत गेल्याची गोष्ट आहे.

यातला सातबारा म्हणजे अणू. द्रवातल्या अणूंना खऱ्यासारख्या ओढी देऊन संगणकात हलवून पाहणारा पहिला माणूस सिरोंच्याच्या मुलखापासून दूरचा नव्हता. अनीसुर रहमान यांचा जन्म १९२५ मध्ये हैदराबादचा. गोदावरीचा पलीकडचा काठ तेव्हा निजामाचा होता, आणि आजही सिरोंच्याहून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडते. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत रहमान यांनी १९६४ मध्ये द्रवरूप अर्गॉनचे ८६४ अणू संगणकात ठेवले, प्रत्येकावर बाकीच्यांची ओढ किती ते मोजले, त्याला किंचित पुढे सरकवले आणि पुन्हा मोजले. १९७१ मध्ये त्यांनी आणि स्टिलिंजर यांनी पाण्याच्या २१६ रेणूंवर हेच केले. पाणी जमले म्हणजे जीवसृष्टीचे दार किलकिले झाले. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकीसाठी जो पुरस्कार देते, तो रहमान यांच्या नावाचा आहे.

प्रथिनांकडे ही वाट वळवली ती मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिया वॉर्शेल यांनी. कारप्लस व्हिएन्नाचे, नाझींच्या भीतीने लहानपणीच देश सुटलेले. त्यांना या कामाची गोडी लावली ती हिमोग्लोबिननेच. एक ऑक्सिजन धरला की पुढचा धरणे सोपे कसे होते, याचे गणित त्यांनी आणि अॅटिला झाबो यांनी १९७२ मध्ये मांडले. ब्रूस गेलिन या विद्यार्थ्याने हिमोग्लोबिनच्या हालचाली मोजायला लिहिलेल्या आज्ञावलीतूनच पुढे जगभर वापरली गेलेली ‘चार्म’ ही प्रणाली उभी राहिली. १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी गाईच्या स्वादुपिंडातले, अवघ्या ५८ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन संगणकात हलवले. किती वेळ? दहा पिकोसेकंदांपेक्षाही कमी. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. तोवर प्रथिन म्हणजे पुतळा अशी समजूत होती. ते सतत थरथरत असते हे या इवल्याशा चित्रपटाने दाखवले.

लेव्हिट आणि वॉर्शेल दुसऱ्या टोकाने निघाले होते. त्याच चिमुकल्या प्रथिनाची घडी पडताना पाहायची तर अणूंचा पसारा परवडणार नव्हता. म्हणून १९७५ मध्ये त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लाचे सगळे अणू गुंडाळून एक-दोन मणी केले. सातबारा मिटला, गावनकाशा उघडला. पुढच्याच वर्षी एका विकराच्या अभ्यासात त्यांनी उलटे केले: रासायनिक बंध जिथे तुटतो तेवढी जागा पुंजभौतिकीच्या बारकाईने मोजली आणि बाकीचे प्रथिन ढोबळ ठेवले. एकाच हिशेबात दोन नकाशे.

अणूंच्या सातबाऱ्यावर सिकलची खोट एकदा थेट तपासली गेली. १९९० मध्ये कुचेरा, गाओ, टिडॉर आणि कारप्लस यांनी संगणकातल्या हिमोग्लोबिनमध्ये सहाव्या जागेवरचे अमिनो आम्ल थोडे थोडे करत बदलत नेले आणि त्याने धाग्यात बसण्याच्या ऊर्जेत किती फरक पडतो ते मोजले. प्रयोगशाळेत अर्धे ग्लुटामिक आणि अर्धे व्हॅलिन असलेला रेणू बनवता येत नाही. संगणकात येतो. किमयागारांचे जुने स्वप्न म्हणायचे तर हेच.

पण अणूंची वही घेऊन धाग्यापर्यंत पोचणे अशक्य होते. हिशेब सोपा आहे. एका हिमोग्लोबिनमध्ये हायड्रोजन सोडूनही सुमारे साडेचार हजार अणू. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे रेणू सुमारे २७ कोटी. अणू हलवायचे एक पाऊल एका फेमटोसेकंदाचे, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाचे. एका सेकंदासाठी पावले दहा कोटी कोटी. २०१० मध्ये डेव्हिड शॉ यांच्या गटाने खास या कामासाठी बांधलेल्या ‘अँटन’ यंत्राने तेच ५८ अमिनो आम्लांचे प्रथिन एक मिलिसेकंद चालवले. ३३ वर्षांत दहा कोटी पटींहून मोठी उडी, तरी एका केशवाहिनीच्या सेकंदाचा हजारावा भाग, आणि तोही एका चिमुकल्या रेणूसाठी.

घड्याळाचा काटा दरम्यान नळ्यांमध्ये सापडला होता. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांना दिसले की ऑक्सिजन काढल्यावर सिकल हिमोग्लोबिन काही काळ गप्प बसते आणि मग एकदम धागे सुटतात. दुधात विरजण घातल्यावर बराच वेळ दूधच दिसावे आणि मग दही लागावे, तसे. हा गप्प बसण्याचा काळ हिमोग्लोबिनच्या दाटीवर विलक्षण अवलंबून असतो: दाटीच्या पंधराव्यापासून तिसाव्या घातापर्यंत. दाटी दहा टक्के वाढली तर हा काळ चौपटीपासून सतरापटीपर्यंत आखडतो. १९८५ मध्ये फेरोन, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी कारण मांडले. पहिला धागा जमायला अवघड असतो, पण एकदा जमला की त्याच्या अंगावरच नवे धागे फुटतात. मोझारेली, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा उशीर होतो म्हणूनच बहुतेक पेशी वाकण्याआधी केशवाहिन्या ओलांडतात. उशीर नसता तर रुग्ण जगलाच नसता. या लेखकाच्या मते सिकलसेलच्या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि तिला नोबेल मिळालेले नाही.

आता गावनकाशा हवा होता आणि तो आला प्लॅस्टिकवाल्यांकडून. १९९० मध्ये कुर्ट क्रेमर आणि गॅरी ग्रेस्ट यांनी वितळलेल्या पॉलिमरच्या गुंतलेल्या साखळ्या अभ्यासल्या त्या मणी आणि स्प्रिंगा यांच्या माळा करून. स्प्रिंग अशी की ठरावीक मर्यादेपलीकडे ताणलीच जाणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात ‘हे ली’ आणि जॉर्ज लिकोट्राफिटिस यांनी त्याच जातीची स्प्रिंग उचलली आणि सिकलचा चौदा पदरी धागा मण्यांच्या चार घट्ट साखळ्यांत बसवला. पीळ, वाकणे, दोन धाग्यांचे एकमेकांना बिलगणे हे सारे आता चालत्या चित्रात पाहता येऊ लागले. बादल्या आणि दोऱ्यांसाठी घडवलेले गणित रक्ताच्या कामी आले.

वरचा, जिल्ह्याचा नकाशा काढला ब्राऊन विद्यापीठाच्या जॉर्ज कार्निआडाकिस यांच्या गटाने. त्यांनी पेशीचे कवच, रक्तद्रव आणि रक्तवाहिनीची भिंत मोठमोठ्या मण्यांनी उभी केली आणि नळीतून अख्ख्या पेशी सोडल्या. २०१३ मध्ये लेई आणि कार्निआडाकिस यांच्या गणितातून जे निघाले ते ऐकायला उलटे वाटते. वाट आधी अडवतात त्या ताठ, पक्क्या विळा झालेल्या पेशी नाहीत. मऊ, लवचीक पेशी पहिल्यांदा भिंतीला चिकटतात, आणि ताठ विळे त्यांच्यामागे येऊन अडकतात. कौल, फॅब्री आणि नागेल यांनी १९८९ मध्ये उंदराच्या रक्तवाहिन्यांत असेच पाहिले होते. त्याच २०१३ च्या ऑक्टोबरात कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, बहुस्तरीय प्रतिकृतींसाठी. २०१९ मध्ये कार्निआडाकिस आणि ह्यूस्टनचे पीटर वेकिलोव्ह यांच्या गटाने धाग्याच्या घड्याळापासून पेशीच्या वाकण्यापर्यंतचा हिशेब एकत्र बांधला. ऑक्सिजन किती उतरला तर किती पेशी वाकतील, औषधाने किती वाचतील, याचे आकडे त्यातून काढता येऊ लागले.

महाराष्ट्र या यंत्रयुगात मागे नव्हता. पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला. त्यामागचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे विदर्भाचेच. जीवरेणूंच्या सिम्युलेशनसाठी सी-डॅकमध्ये वेगळी सुविधा आहे. रक्ताच्या बाजूने मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेचे केंद्र चंद्रपुरात आहे.

औषधाचे काम मात्र मुख्यतः जॅनेट वॉटसन यांच्या १९४८ च्या नोंदीवर उभे राहिले. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने कर्करोगाचे औषध मोठ्या माणसातही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, आणि ते मिसळलेले रेणू धाग्यात बसत नाहीत. दाटी उतरते, घड्याळ मंदावते. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की तीव्र त्रास असलेल्या इथल्या मुलांना वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम हा कमी, ठरावीक डोसही गुण देतो. वॉक्सेलोटर हे धागा विणूच न देणारे नवे औषध २०१९ मध्ये मोठ्या गाजावाजाने आले आणि २०२४ मध्ये फायझरने जगभरातून परत घेतले. कागदावर त्याची कल्पना निर्दोष होती. शरीर हा आणखी एक नकाशा आहे आणि तो अजून कोणाकडे पुरा नाही.

त्या पंधराव्या-तिसाव्या घाताचा एक अर्थ सिरोंच्यात मे महिन्यात कळतो. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि तेंदूपानाचा हंगाम चालू असतो. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, पुडे बांधायचे, संकलनाच्या फळीवर मोजून द्यायचे. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा याच पंधरा-वीस दिवसांचा. घामाबरोबर अंगातले पाणी जाते, पेशी सुकते, आतली दाटी वाढते आणि घड्याळ धावू लागते. ‘पाणी पीत राहा’ हा डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच नुसता सल्ला नसतो, ते गणित असते. एसएस पॅटर्नच्या माणसाने तेंदूच्या दिवसांत पाण्याची बाटली विसरू नये, हे सांगायला महासंगणक लागत नाही. दहा टक्क्यांनी एवढा फरक का पडतो ते समजून घ्यायला मात्र एवढी उठाठेव लागली.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे एक उद्दिष्ट, आणि निर्मूलनाची मुदत २०४७. नळ्या आणि रेघांचे कागद गावोगाव पोचत आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही तपासणी लागू पडत नाही. त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते, नळी गढूळ होत नाही आणि मागच्या रेघा स्वच्छ दिसतात. त्या बाळाचे रक्त हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीने, उदाहरणार्थ प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी यंत्रावर, तपासावे लागते, आणि जिल्ह्याचे ठिकाण सिरोंच्याहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे.